मान दोन्हीकडे वळते, पण गाडी दिसत नाही

पाऊलवाट
सहा-सात वर्षांच्या मुलांना ‘आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे’ हे पाठ असतं. मानही बरोबर वळते, तरी गाडी येत असताना पाऊल पुढे पडतंच. शिकवण्यात काय राहून जातं? आणि एकट्याने रस्ता कधी ओलांडू द्यावा?

तिठा
थांबणं राहून जातं. चालता चालता मान वळवली की ती नुसती कवायत होते. आठवडाभर फक्त थांबायला शिकवा: कडेपासून एक पाऊल मागे, दोन्ही पाय टेकलेले. मग ‘बघितलंस का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. ‘काय दिसतंय?’ असं विचारा. ‘लाल गाडी येतेय, तिच्यामागे स्कूटर आहे’ हे मुलाने बोलून दाखवलं पाहिजे आणि ‘आता जाऊया’ हेही त्यानेच ठरवायचं. चुकलं तर तुम्ही धरलेलं आहेच. मात्र मनगट धरा, बोटं एका हिसक्यात सुटतात.

उजवीकडे आधी का, तेही सांगा. वाहनं डावीकडून चालतात तिथे सगळ्यात जवळची गाडी उजवीकडून येते. डावीकडे बघून होईपर्यंत उजवीकडे नवी गाडी आलेली असू शकते, म्हणून पुन्हा बघायचं.

एकट्याने ओलांडण्याबद्दल: गाडी लांब आहे हे लहान मुलाला कळतं, ती किती लवकर पोचेल हे साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत भरवशाने कळत नाही. सात मीटरचा रस्ता सेकंदाला एक मीटर चालीने सात सेकंदांचा. तेवढ्या वेळात ताशी ५० किमीने येणारी गाडी सुमारे ९७ मीटर कापते. म्हणून त्या वयापर्यंत मोठं माणूस सोबत हवंच.

सावली
जागेची निवडही शिकवा, खरा घोळ तिथेच होतो. उभ्या गाड्यांच्या फटीतून निघालेलं मूल ड्रायव्हरला रस्त्यात आल्यावरच दिसतं. ताशी ५० च्या वेगात ब्रेकवर पाय पडायला एक सेकंद लागला तरी गाडी १४ मीटर पुढे येते, वेग कमी होणं त्यानंतर. दुसरी जागा नसेलच तर दोनदा थांबायचं: एकदा कडेला, मग उभ्या गाडीच्या बाहेरच्या कोपऱ्याशी. फटीत शिरण्याआधी दोन्ही गाड्यांत कोणी बसलंय का, गाडी मागे घेताना लागतो तो मागचा पांढरा दिवा लागलाय का, ते बघायचं.

बसमधून उतरल्यावर बस निघून जाईपर्यंत कडेलाच थांबायचं. झेब्रा पट्ट्यांवर एक गाडी थांबली म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही. तिच्या आडून दुसरी येऊ शकते, म्हणून तिच्या टोकाशी पुन्हा थांबून डोकवायचं.

पाऊलवाट
पावसात आणि अंधारात वेगळं काय?

तिठा
रेनकोटची टोपी मानेबरोबर वळत नाही, बाजूचं सगळं झाकते. ओलांडण्याआधी ती मागे सारा, केस भिजले तरी चालतील. छत्री डोळ्यांपुढे तिरकी नको. चमकणारी पट्टी फक्त दप्तरावर असली तर समोरून दिसत नाही. मनगटाला आणि घोट्याला बांधली तर चालताना हलते आणि लवकर लक्षात येते.

सावली
आणि मोठ्यांसाठी एक: मूल पलीकडे उभं असेल तर इकडून हाक मारू नका, हातही हलवू नका. ओळखीचा चेहरा दिसला की मधला रस्ता त्याच्या लेखी उरत नाही. तुम्हीच ओलांडून जा, मनगट धरा आणि मग परत या.