सोसायटी ग्रुप : नवी घसरगुंडी की खोकी?

सचिव: नमस्कार. पोडियमवरची घसरगुंडी उन्हाने तडकली आहे. नव्या मल्टिप्ले सेटची कोटेशन मागवली आहेत. मे महिन्यात लहान मुलांची चित्रकला स्पर्धाही ठेवू, तीन बक्षिसं. सूचना कळवा.

ए-४०३: सेट मोठाच घ्या. घोडबंदर रोडवर मुलांना खेळायला दुसरं आहे काय?

सी-१२०२ (बालमानसशास्त्र): घसरगुंडी हवीच, तोल आणि धीर तिच्यावर येतो. पण छोटी घ्या आणि उरलेला कोपरा सुट्या सामानाला द्या. घसरगुंडीचा वापर ठरलेला, खोक्याचा नसतो. आज रिक्षा, उद्या दवाखाना. ब्रिटिश कलावंत सायमन निकोल्सन यांनी १९७१ मध्ये हेच मांडलं: हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितका कल्पकतेला वाव. काठीचा घोडा करणारं मूल वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे करायला शिकतं, हे रशियन मानसशास्त्रज्ञ वायगोत्स्कींचं म्हणणं. आणखी एक, ज्याकडे पालकांचं लक्ष जात नाही: ‘पेशंट’ झालेलं मूल गुपचूप पडून राहतं. एरवी दोन मिनिटं बसत नाही! भूमिकेचा नियम पाळताना ते स्वतःला आवरायला शिकत असतं.

ए-४०३: एवढा मेंटेनन्स भरून मुलांनी भंगाराशी खेळायचं का ताई?

बी-७०४ (बालवाडी शिक्षिका): दादा, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, नंतर अनुताई वाघांसोबत कोसबाडला. तेव्हा ते सगळं आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. शिंपले, बिया, पानं, खडे हीच तिथली साधनं. भंगार आणि साधन यात फरक निवडीचा असतो, म्हणून यादी देते.

दहा-बारा मुलांसाठी: खोकी १५, त्यात फ्रिज-वॉशिंग मशीनची दोन-तीन. पीव्हीसी पाइपचे एक ते तीन फुटांचे २० तुकडे, कडा पॉलिश पेपरने घासून. करवंट्या २०, कपड्यांचे चिमटे ५०, कागदी चिकटपट्टी. जुन्या सुती साड्या चार, पण अख्ख्या नकोत, गळ्याभोवती अडकतात. सव्वा-दीड मीटरचे तुकडे करा आणि खेळताना कुणीतरी मोठं नजर ठेवून असू द्या. खोक्यांच्या पिना पक्कडीने काढा, मुलांना देण्याआधी हात फिरवून बघा.

तीन वर्षांखालच्यांसाठी वेगळी टोपली. टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जाईल ते त्यात नको. म्हणजे चिमटेही बाद.

ए-११०१: माझ्याकडे चार जुने टायर आहेत, चालतील?

बी-७०४: नको काका. आतल्या खाचेत पावसाचं पाणी साचतं, आठवडा-दहा दिवसांत डेंगी पसरवणारे एडिस डास तयार. खाली भोकं पाडली तरी टायर आडवा-तिरका झाला की पाणी राहतंच.

ए-८०५: ताई, आमचा अडीच वर्षांचा. मुलांच्या शेजारी बसतो पण त्यांच्यात खेळत नाही. एकलकोंडा होईल का?

सी-१२०२: या वयात हे अगदी नेहमीचं. मुलांच्या खेळाच्या अभ्यासक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये याला समांतर खेळ म्हटलं. ‘दे ना त्याला, शेअर कर’ असं मागे लागू नका. सारख्या दोन गाड्या ठेवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. मात्र हाक मारल्यावर बघत नसेल, हवं ते बोटाने दाखवत नसेल, किंवा बाहुलीला भरवणं, फोनवर खोटंखोटं बोलणं असं काहीच करत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत थांबू नका.

सचिव: स्पर्धेचं काय करायचं?

सी-१२०२: बक्षिसं नकोत. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग आहे. चित्र काढायची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं. ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र’ असं ज्यांना आधी सांगितलं, ती नंतर मोकळ्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्राकडे वळली. न सांगता अचानक दिलं त्यांची आवड घटली नाही. त्यापेक्षा क्लब हाउसच्या भिंतीवर पाच-सहा मीटर कागद लावा, मुलांच्या उंचीवर. ‘वा, छान’पेक्षा ‘हा कोपरा सगळा निळा केलास’ असं बोला.

बी-७०४: आणि खरा बिघाड मोठ्यांमुळे होतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं मुलं नुसती भटकतात, खोकी लाथाडतात. तेवढ्यात कुणीतरी बाबा ‘चला, किल्ला करू या’ म्हणत पुढे होतो. किल्ला झकास होतो, पण तो बाबांचा. सलग तासभर तरी द्या. वाद झाला तर जवळ उभे राहा. मारामारी किंवा दुखापतीची भीती असेल तरच मध्ये पडा. अर्धवट बांधलेलं संध्याकाळी मोडू नका, झाडूवाल्या मावशींना सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुढे काय करायचं हे आठवून ठरवणं, तेही शिकणंच आहे. पावसाळ्यात खोकी ओलावली की टाका, बुरशी धरते.

ए-४०३: बरं, फ्रिजचं एक खोकं आहे आमच्याकडे. लिफ्टमध्ये मावत नाही.

सचिव: सर्व्हिस लिफ्ट सकाळी १० नंतर मोकळी असते. कृपया लॉबीत किंवा जिन्यात काही ठेवू नका, फायरचा रस्ता आहे. थेट पोडियमवर आणा.

ए-४०३: पिना काढूनच आणतो.