जपलेली २००९ ची एसएलके घ्यावी का, आणि घेतल्यास पुण्यात ती सांभाळावी कशी?

कर्वेनगरकर:

नमस्कार. कोरेगाव पार्कातील एका गृहस्थांची २००९ सालची मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसर (दोन आसनांची, टप घडी होऊन डिकीत उतरणारी गाडी) विकाऊ आहे आणि ती घ्यावी की नाही, या विवंचनेत मी गेले दोन आठवडे आहे. गाडी चंदेरी रंगाची, एकाच मालकाची आणि एमएच १२ पासिंगची असून आजवर अवघी २८,००० किलोमीटर चालली आहे. ती कायम बंगल्याच्या बंद गॅरेजमध्ये सुती कव्हरखाली उभी असते. पत्र्याला कोठेही पोचा नाही, लेदरच्या सीटना भेग नाही आणि डॅशबोर्ड उन्हाने विटलेला नाही. मालकांनी सत्तरी ओलांडली आहे. इतक्या खाली बसायचे आणि उठायचे म्हणजे गुडघ्यांची परीक्षाच होते, असे त्यांनी हसत सांगितले आणि विकण्याचे हे कारण मला खरे वाटले.

सर्व्हिस बुकात २०१६ पर्यंतचे शिक्के आहेत. त्यानंतरची कामे ‘घरचाच मेकॅनिक’ करतो. त्यांची बिले नाहीत. मी पाहायला गेलो तेव्हा इंजिन गरम होते, कारण मी येणार म्हणून त्यांनी सकाळीच एक फेरी मारून आणली होती. टप उघडण्याचे बटण दाबले, तर काहीच हालले नाही. फार दिवसांत वापर नसल्याने तसे होत असेल, असे ते म्हणाले.

माझे रोजचे जाणेयेणे दुसऱ्या गाडीने होते. ही गाडी रविवारी पहाटे मुळशी-ताम्हिणीकडे न्यायची, एवढाच बेत आहे. घरातून विरोध आहे, हे वेगळे सांगायला नको. जाणकारांनी काय तपासावे ते सांगितल्यास उपकार होतील.

निवृत्त अभियंता, चिंचवड:

आपण गाडी कशी दिसते हे सविस्तर लिहिले आहे, पण ती सांभाळली कशी गेली, याचा पुरावा २०१६ साली थांबतो. गाडी जपणे आणि गाडीची देखभाल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कव्हरखाली उभ्या गाडीचा रंग टिकतो, परंतु तेलाचे, रबराचे आणि ब्रेक फ्लुइडचे वय कव्हरखालीही वाढतच असते. ब्रेक फ्लुइड ओल शोषून घेते म्हणून ते किलोमीटर कितीही झाले असले तरी दर दोन वर्षांनी बदलायचे असते. त्यामुळे २८,००० हा आकडा ऐकून मी आनंदून जाणार नाही. हीच गाडी ६०,००० चाललेली आणि दरवर्षीच्या बिलांसह मिळत असती, तर मी ती आधी निवडली असती.

पुन्हा जाल तेव्हा आदल्या संध्याकाळीच मालकांना सांगून ठेवा की गाडी सकाळी अजिबात सुरू करू नये. बॉनेटवर हात ठेवून ते गार आहे याची खात्री करा, खिडकी उघडी ठेवा आणि मग किल्ली फिरवा. या गाडीत १.८ लिटरचे एम २७१ इंजिन आहे. टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपांची वेळ राखणारी साखळी) ताणली जाणे आणि ती वेळ पुढे-मागे करणाऱ्या कॅमशाफ्ट ॲडजस्टरच्या दात्यांची झीज होणे, हे त्याचे ठाऊक असलेले दुखणे आहे. ते गार इंजिन सुरू करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत कोरड्या खडखडाटाने बोलते आणि तेलाचा दाब आला की गप्प होते. म्हणून गरम इंजिनावर घेतलेली चाचणी जमेस धरू नका. मालकांनी ते मुद्दाम केले असेल असे मला वाटत नाही. पाहुणे येणार म्हणून गाडी तयार ठेवणे, हा जुन्या माणसांचा शिष्टाचार असतो. सुपरचार्जरखालच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाखालच्या) ब्रीदर नळ्या, म्हणजे इंजिनातली वाफ वाहून नेणाऱ्या नळ्याही ठिसूळ होतात आणि त्या वरून दिसत नाहीत.

गिअरबॉक्स पाच गतींचा स्वयंचलित आहे आणि एकंदरीत दणकट आहे. मात्र त्याच्या वायरी जोडणाऱ्या १३ पिनांच्या प्लगची ओ-रिंग (रबरी कडी) आटली की तेल वायरिंगमधून चढत थेट गिअरबॉक्स चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचते. ओ-रिंग किरकोळ किमतीची असते, पण युनिट तसे नसते. गाडी रॅम्पवर चढवून तो प्लग कोरडा आहे का, ते बोट लावून पाहा. त्याच वेळी कंट्रोल आर्मचे बुशही (चाकांना धरणाऱ्या दांड्यांची रबरे) पाहून घ्या, कारण आपल्याकडील गतिरोधक त्यांना आधी खातात.

टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नव्यासारखी असली, तरी वर्ष जुने निघाल्यास चारही टायरचा खर्च किमतीतून वजा करा. घाटात वळणावर ब्रेक लावताना कडक झालेले रबर दगा देते.

टपाबद्दल एक गोष्ट लगेच करून पाहता येईल. डिकीत सामानाच्या वर ओढून अडकवायचा एक पडदा असतो. तो जागेवर बसलेला नसेल तर टप हालतच नाही, कारण घडी होऊन तो त्याच जागेत उतरतो. निम्म्या ‘बिघडलेल्या’ टपांचे मूळ मी तेथेच पाहिले आहे. पडदा लावूनही काही झाले नाही, तर हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडरची सील यांच्याकडे वळावे.

आरटीओच्या रांगेत मुरलेला:

यंत्राबद्दल वर लिहिले गेलेच आहे. मी कागदांपुरते बोलतो. आरसीवर कर्जाची नोंद शिल्लक आहे का, ते पाहा. कर्ज फिटून दहा वर्षे झाली तरी हायपोथिकेशन उतरवलेले नसते, असे पुष्कळदा आढळते. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. पुढे संगम पुलाजवळच्या आरटीओत एखादी चक्कर घडतेच.

पंधरा वर्षांनंतरची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी होते, म्हणजे या गाडीची पुढची खेप वीस वर्षे भरल्यावर येईल. आरसीवर गाडी आयात म्हणून नोंदलेली असेल, तर तेथे थबकून विचार करावा, कारण वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीचे नूतनीकरण शुल्क २०२५ च्या दुरुस्तीने ८०,००० रुपये झाले आहे.

विम्यात नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सवलत) मालकांबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. पाच वर्षांपुढील गाडीचे विमा मूल्य कंपनी आणि ग्राहक यांच्यात ठरते, तेव्हा ते आग्रहाने ठरवून घ्या. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि या गाडीचे बंपर प्लॅस्टिकचेच आहेत.

पाषाणची आजी:

मी आमच्या ह्यांच्या हौसेची जुनी दोन दारांची गाडी त्यांच्या मागे सहा वर्षे सांभाळली, म्हणून दोन शब्द लिहिते. पहिल्या वर्षी मी ती जून ते सप्टेंबर हलवली नाही. पावसात नको, चिखल नको, असे वाटले. काचेखालच्या जाळीत शेजारच्या गुलमोहोराची पाने साचून पाणी निघण्याची वाट बंद झाली. ते पाणी आत उतरले आणि दसऱ्याला पूजेसाठी दार उघडले, तर पायाखालचा गालिचा पोह्यांसारखा भिजलेला. उंदरांनी इंजिनाजवळच्या वायरी कुरतडल्या होत्या, ते निराळेच. वायरिंग दुरुस्त करणाऱ्याने पैसे दोनदा घेतले आणि काम एकदाच केले.

त्यानंतर मी नेम धरला. दर आठ-दहा दिवसांनी, पाऊस उघडला की, गाडी पाषाणहून सूसपर्यंत आणि परत न्यायची, म्हणजे इंजिन पुरते तापते. जागच्या जागी दहा मिनिटे सुरू ठेवण्याने बॅटरी भरत नाही आणि इंजिनातली ओलही जात नाही. दाराच्या रबराला वर्षातून दोनदा सिलिकॉनचा हात द्यायचा. पंपावर हल्ली २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते आणि इथेनॉल ओल ओढते, त्यामुळे महिनोन्महिने तेच पेट्रोल टाकीत राहू देऊ नका.

विरोध करणाऱ्यांना पहिल्या फेरीत शेजारी बसवा.

कर्वेनगरकर:

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी सात वाजता पुन्हा जाऊन आलो. बॉनेट गार होते. किल्ली फिरवल्यावर खडखड झाली, साधारण दोन सेकंद, आणि मग बंद झाली. मालकांच्याही ती कानी पडली. आपण इतकी वर्षे रेडिओ लावूनच गाडी सुरू करत आलो, असे ते ओशाळून म्हणाले. चारही टायरवर १६१४ हा आकडा आहे, म्हणजे ते २०१४ च्या सोळाव्या आठवड्यातले आहेत.

डिकीतला पडदा एका बाजूने सुटलेला होता. तो अडकवून बटण दाबले, तर टप उचलला गेला, घडी होऊन आत उतरला आणि वर गॅरेजचे छप्पर दिसू लागले. डिकीच्या डाव्या कडेला तेलाचा तळहाताएवढा ओला डाग मात्र आढळला.

चेन, ॲडजस्टर, टायर आणि टपाची सील यांचा खर्च अंदाजाने धरून मी किंमत कमी करून मागितली. त्यांनी वही काढून आकडे स्वतः मांडले, एक आकडा खोडला आणि बाकीचे मान्य केले. शनिवारी गाडी रॅम्पवर घेऊन गिअरबॉक्सचा प्लग पाहायचा आहे आणि तो कोरडा निघाला तर लगेच बयाणा द्यायचा आहे. त्यांची अट एकच आहे की, गुडघे दुखले तरी बेहत्तर, गॅरेजपर्यंत गाडी तेच चालवणार.