डम्पिंगमधला गॅस: कागदावर २ मेगावॉट, प्रत्यक्षात?

आकडेमोड्या
लँडफिल गॅसपासून, म्हणजे डम्पिंगच्या ढिगात कचरा कुजून निघणाऱ्या मिथेनवाल्या गॅसपासून, वीज म्हटलं की आधी वर्षाला किती गॅस निघेल त्याचा एक ग्राफ येतो, झपकन चढून मग वर्षानुवर्षं हळूहळू उतरणारा, आणि त्यावरून थेट इंजिन किती मोठं घ्यायचं ते ठरतं. माझा आक्षेप या ग्राफवरच आहे. बऱ्याचदा तो लँडजेममधून काढलेला असतो, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं, ईपीएचं, फुकटातलं एक्सेल. त्यात खेळ दोन आकड्यांचा. एका टनातून एकूण मिथेन किती निघणार, आणि के, म्हणजे कचरा कुजण्याचा वेग. समजा १० लाख टन कचरा आहे, टनाला १०० घनमीटर आणि के ०.०५ धरला, की सुरुवातीला वर्षाला ५० लाख घनमीटरच्या आसपास मिथेन येतं. घनमीटरला साडेतीन युनिट वीज पकडा, झाले २ मेगावॉट!

पण गरम दमट हवेत अन्नाच्या कचऱ्याला आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती, के ०.४ देते. म्हणजे अर्धा माल संपायला १४ वर्षं नाही, पावणेदोन वर्षं लागतात आणि पाच वर्षांनी १४ टक्केसुद्धा उरत नाही. डम्पिंग बंद करा, माती टाका, टेंडर काढा, ढिगात गॅस खेचायच्या विहिरी मारा, तोवर मलई उडालेली असते. चाचणी विहिरीतून गॅस खेचून मोजल्याशिवाय इंजिनाची ऑर्डर देऊच नये.

गॅसबत्ती
मॉडेलला शिव्या घालणं सोपंय हो. सगळ्या कचऱ्याला ०.०५ लावा असं कोण म्हणालं? आयपीसीसीच्या पद्धतीत अन्न, कागद, लाकूड वेगळं टाकता येतं, त्याच हवेत कागदाला ०.०७ आणि लाकडाला ०.०३५. ५ मीटरपेक्षा उथळ उघडा ढीग असेल तर मिथेन ४० टक्केच धरा हेही तिथंच लिहिलंय. आळशीपणा माणसाचा आणि बोल एक्सेलला.

आणि चाचणी विहीर म्हणजे काय देवाचा कौल नाही, एका कोपऱ्यात दोन-चार भोकं पाडून सगळ्या ढिगाचं भविष्य सांगणार का? तुम्ही मोजत बसाल तोवर मिथेन वर जातंच आहे, आणि २० वर्षांच्या हिशोबात ते कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतं. आधी फ्लेअर, म्हणजे गॅस जाळून टाकायची बत्ती, लावून जाळा, विजेचं नंतर बघू.

विहीर_नं_७
दोघंही निर्मितीवरच भांडताय, पण निघालेला गॅस पाइपात येतो कुठे सगळा? ईपीए ७५ टक्के गोळा होतो असं धरते, ते नीट झाकलेल्या साइटला. मी काम केलं त्या साइटवर पावसानंतर विहिरींत लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं घाण पाणी, भरायचं, जाळीच्या पाइपची भोकंच पाण्याखाली, मग गॅस येणार कुठून. म्हणून खेच वाढवली की मातीतून हवा आत, मीटरवर ऑक्सिजन चढतो आणि मिथेन पडतं, वर आत आग लागायची भीती वेगळीच. वरच्या २ मेगावॉटमधला ४० टक्केच गॅस हाती आला तर ८०० किलोवॉट उरतात. आणि इंजिन उघडलं की पिस्टनवर पांढरा कडक थर, शॅम्पू-क्रीममधल्या सिलोक्सेन या सिलिकॉनवाल्या रसायनाचा, तो खरवडायचा खर्च कुठल्या ग्राफमध्ये असतो?

आकडेमोड्या
@विहीर_नं_७ हेच! म्हणून तर मोजा म्हणतोय.

ओला_वेगळा
मला तर हा वादच उलटा वाटतो. ओला कचरा पुरून वर्षानुवर्षं त्याच्या गॅसचा अंदाज बांधायचा कशाला? तोच वेगळा करून बंद डायजेस्टरमध्ये, म्हणजे बायोगॅसच्या टाकीत, टाका, आज किती टन आत गेलं आणि किती गॅस निघाला ते रोज मीटरवर दिसतं. लँडफिल गॅसला अक्षय ऊर्जा म्हणणं मला पटत नाही, उद्या प्लँट चालू ठेवायला ढिगावर ओला कचरा टाकतच राहायची सोय होते ती.

गॅसबत्ती
उद्याचा कचरा वेगळा कराल, पण आधीच पुरलेला आहे त्याचं काय, तो उकरून डायजेस्टरमध्ये घालणार? प्लास्टिक, माती, काचा सगळं एकत्र झालेलं असतं त्यात.

विहीर_नं_७
मला विचाराल तर फ्लेअर आधी, पण फ्लेअरच्या पाइपवर फ्लो मीटर आणि गॅस अ‍ॅनालायझर बसवून. वर्षभर उन्हाळा-पावसाळ्याचे आकडे जमू देत आणि मग छोटी छोटी इंजिनं घ्या, गॅस कमी झाला की एक उचलून दुसऱ्या साइटवर नेता येतं.

आकडेमोड्या
छोटं इंजिन युनिटमागे महाग पडतं आणि फायनान्सवाला वर्षभर थांबत नाही, त्याला ग्राफ आजच लागतो, घोडं तिथंच अडतं.

गॅसबत्ती
मग ग्राफ द्या की, फक्त एकच रेघ देऊ नका. के कमी, के जास्त, गोळा होणारा गॅस ४० टक्के आणि ७५ टक्के, सगळ्या रेघा दाखवा आणि कर्ज सगळ्यात खालच्या रेघेवर मागा.

ओला_वेगळा
खालच्या रेघेवर कर्ज देणारा कुणी भेटला तर मलाही सांगा.