मदत हवी आहे: दिवाळीत लहान मुलांना दोन तास काय करायला देऊ?

सईची आई
वसुबारसेला सकाळी सोसायटीतली मुलं आमच्याकडे येणार आहेत. हाताने काहीतरी करून घरी न्यायचं, असं मी कबूल केलंय. गेल्या वर्षी कंदिलाचे तयार संच आणले, तर दहा मिनिटांत मुलं खेळायला पळाली आणि कंदील आम्ही आयांनी पूर्ण केले. तसं पुन्हा नको. पणत्याही रंगवल्या होत्या, सगळे रंग ओघळून एकच चिखली रंग झाला. चार दिवस उरलेत. व्हिडिओ बघून डोकं बधिर झालंय, कृपया लवकर सांगा.

भोरकर
किल्ला! विटा-दगड रचा, वर गोणपाट, त्यावर चिखल लिंपा. हळीव आजच पेरा, मुलं येईपर्यंत हिरवळ दिसायला लागेल. मावळे कुंभारवाड्यातले मातीचेच आणा, प्लास्टिकचे नकोत.

अंगणवाडीताई
मुलं किती, वय काय? खाली माती आहे की फरशी? आया थांबणार का?

सईची आई
हे लिहायचं राहिलंच. अकरा मुलं, साडेतीन ते पाच वर्षांची. एक भावंड दोन वर्षांचं. तिसरा मजला, हॉल. आया सोडून जाणार, मी आणि सासूबाई असू. घरात माती शक्य नाही.

भोरकर
मग पार्किंगच्या कोपऱ्यात करा. मातीत हात घातल्याशिवाय दिवाळी कसली?

ठाणेकर
अहो, गाड्या येतात-जातात तिथे अकरा मुलं आणि दोन बायका? शिवाय किल्ला दोन तासांत होत नाही. आमच्याकडे चार दिवस चालतो आणि तट-बुरूज बाबालोकच घालतात. तिची तक्रार नेमकी तीच आहे.

भोरकर
आमच्या वाड्यात चार वर्षांची पोरं चिखल तुडवायची. बुरूज मोठ्यांनी घातला तरी पायऱ्या पोरांनी बोटाने कोरलेल्या असायच्या.

माईआजी
खाऊचं बघून ठेवा हो. आमच्याकडे वसुबारसेला गहू, मूग, दूध-तूप चालत नाही. बिस्किटं देण्याआधी आयांना विचारा. आम्ही बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करतो.

अंगणवाडीताई
तिसरा मजला असेल तर मिठाचं पीठ घ्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, साधारण पाऊण वाटी पाणी, बेताबेताने घालत घट्ट मळा. अर्ध्यात हळद घाला. प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा. मुलांनी त्यात अंगठा दाबला की खळगा होतो, आणि तीच पणती. आईला पुरं करायला काही उरतच नाही. कडेला काडीने रेघा, तांदळाचे दाणे टोचायचे. वाकडी झाली तरी हात लावून सरळ करू नका, ती वाकडीच घरी जाऊ द्या. वाळायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणजे लक्ष्मीपूजनाला तयार. तेल-वात मात्र घालू नका. पीठ फार खारट असतं, कुणाला खाऊ देऊ नका.

गेल्या वर्षीचे रंग ओघळले ते बहुधा पाण्यामुळे. पणती भिजवली असेल तर पूर्ण वाळवा, आदल्या दिवशी गेरूचा हात द्या. मुलांना एकच पांढरा पोस्टर रंग, पाणी न घालता. ब्रशऐवजी कापसाच्या बोळ्याने किंवा बोटाने ठिपके.

उरलेल्या वेळात झेंडू. फरशीवर खडूने वर्तुळ काढा, पाकळ्या सुट्या करायचं काम मुलांचं. नुसत्या पाकळ्या तोडण्यात अर्धा तास सहज जातो, आणि तो वेळ वाया गेला असं समजू नका. बोटांची खरी कसरत तिथेच होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू केली, तेव्हा पानं, बिया, शिंपले हीच साधनं होती.

ठाणेकर
पिठाच्या पणतीत सेलवरचे छोटे दिवे ठेवता येतील. शेकड्याने स्वस्त मिळतात.

दोन मुलांचा बाबा
थांबा. त्या दिव्यांत बटण सेल असतो. मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत गंभीर भाजतं. दोन वर्षांचं भावंड आहे ना? स्क्रूने बंद होणारं झाकण नसेल तर असा दिवा घरात आणूच नका. मणी, टिकल्या, आरसेही त्या दिवशी वर ठेवा.

ठाणेकर
हे माहीत नव्हतं. दिवे रद्द करा.

सईची आई
सेलचे दिवे नकोत. भोरकर, किल्ला शनिवारी खाली अंगणात करू, आया-बाबा असताना, आणि चिखल मुलंच लिंपतील. वसुबारसेला मिठाचं पीठ आणि झेंडू. ताई, अकरा जणांना दोन वाट्या पुरतील? रात्री मळून ठेवलं तर चालेल?

अंगणवाडीताई
चार वाट्या मैदा घ्या. मळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सकाळी मिठामुळे चिकट लागलं तर थोडा कोरडा मैदा लावा. एक-दोन गोळे जास्तीचे ठेवा, कुणाची तरी पणती हमखास मोडते.