मदत हवी आहे: माडाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढतं कसं? (अकरावी सायन्स)

नमस्कार मंडळी. मी कॉमर्सवाला, आयुष्य ताळेबंद जुळवण्यात गेलं. लेक अकरावी सायन्सला आहे आणि बायोलॉजीच्या एका प्रश्नावरून आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर वाद चालू आहे.

आम्ही कुर्ल्याला राहतो. जुनी इमारत, तळमजला अधिक पाच. मागे एक माड आहे, त्याचा शेंडा गच्चीच्या कठड्याला लागलाय. साठेक फूट धरा. लेकीच्या क्लासमध्ये पाण्याचे गुणधर्म झाले. ध्रुवीय रेणू, हायड्रोजन बंध, पृष्ठताण, सगळं तिला पाठ आहे. पण झाडात पाणी कसं चढतं यावर सरांनी "केशाकर्षण" (बारीक नळीत पाणी आपोआप वर चढणं) एवढा एक शब्द सांगून फळा पुसला. घरी येऊन तिने खिडकीतून माड दाखवला. "बाबा, एवढ्या वर? सरबताच्या स्ट्रॉमध्ये नखभरसुद्धा चढत नाही."

मला वेगळंच आठवलं. २६ जुलै २००५ च्या पुरात आमचा खालचा पंप बुडून मोटर जळली. एका प्लंबरने सल्ला दिला की नवा पंप गच्चीवरच बसवा, पाणी शिरायची कटकटच नको. कमिटीने माना डोलावल्या (खजिनदार मीच होतो, त्यामुळे दोष निम्मा माझा). पंप वर चढला, हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, बटण दाबलं. नुसती घरघर. फूटव्हॉल्व्ह बदलला, पाइप वरून भरून पाहिला, टाकीत थेंब नाही. शेवटी चौथ्या मजल्यावरचे रिटायर्ड इंजिनियर काका म्हणाले, "अरे, पंप पाणी ओढत नसतो. तो फक्त पाइपातली हवा काढतो, पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. तो १०.३ मीटरच्या वर ढकलूच शकत नाही." पंप गुपचूप खाली आला आणि चार फुटी ओट्यावर बसला.

आता सांगा, तीन हॉर्सपॉवरला जे जमलं नाही ते माडाला कसं जमतं? ना मोटर, ना लाइटबिल. केशाकर्षण हे उत्तर चूक आहे की अर्धवट? आणि दहा मीटरचा नियम झाडाला का लागू नाही? पेपरात काय लिहायचं हेही सांगितलंत तर उपकार होतील.

टपरीवरचा चहा:
मुळं खालून ढकलतात. मूलीय दाब. आम्ही दहावीत हेच लिहून पास झालो.

फळा आणि खडू:
पास झालात हे खरं, पण माडाला तेवढं पुरत नाही :)

मूलीय दाब असतो. कुंडीत अळू असेल तर पहाटे पानाच्या टोकाशी एक थेंब लोंबताना दिसेल. तो दवाचा नव्हे, मुळांनी रात्रभर ढकललेल्या पाण्याचा. पण हा दाब सहसा एक-दोन वातावरणांपुढे (एक वातावरण म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब) जात नाही आणि भर दुपारी, झाडाला पाण्याची खरी गरज असते तेव्हा, तो नसल्यातच जमा असतो.

केशाकर्षणाचा हिशोब तर धागाकर्त्यांनाच जमेल. ०.०४ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी सुमारे ७५ सेंटीमीटर चढतं. नळी रुंद झाली की चढ त्याच प्रमाणात घटतो, आणि माडाच्या जलवाहिन्या याहून रुंद असतात. म्हणजे खोडात या मार्गाने पाणी गुडघ्यापर्यंतही येणार नाही.

खरी ओढ वरून आहे. पानातल्या पेशींच्या ओल्या भिंतींवरून पाण्याची वाफ होते आणि ती पर्णरंध्रांतून निघून जाते, हा बाष्पोच्छ्वास. त्या भिंतींमधली छिद्रं मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी. पाणी उडालं की उरलेल्या पाण्याचा पृष्ठभाग त्या छिद्रांत वाटीसारखा आत वळतो आणि पृष्ठताण खालच्या पाण्याला वर खेचतो. तेव्हा सरांचा शब्द अगदी वाया गेला नाही, फक्त जागा चुकली. केशाकर्षण आहे, पण ते पानात.

ही ओढ थेट मुळापर्यंत पोचते, कारण पाणी तुटत नाही. रेणू १०४.५ अंशांत वाकलेला, ऑक्सिजनकडे किंचित ऋण भार, हायड्रोजनकडे किंचित धन. एक रेणू शेजारच्या चारांशी हायड्रोजन बंध जोडू शकतो. एकेक बंध टिकतो सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास, पण एक सुटेपर्यंत दुसरा जुळलेला असतो. हे संसंजन. शिवाय नळीच्या भिंतीला पाणी चिकटून राहतं, ते आसंजन. (अळूच्या पानावर मेणाचा थर असल्याने नेमकं हेच होत नाही, म्हणून तर अळवावरचं पाणी!)

तुमच्या पंपाचं दुखणं असं की पाइपात दहा मीटरनंतर निर्वात पोकळी होते, पाण्याची वाफ होते आणि स्तंभ तुटतो. जलवाहिनीत बुडबुडा धरायलाच मुश्किलीने जागा मिळते, त्यामुळे तिथे पाणी शून्याखालचा, म्हणजे ऋण दाब सोसतं. ताणलेल्या दोरीसारखं. तरी एखादा स्तंभ तुटतोच, मग ती नळी बाद होते आणि पाणी शेजारच्या नळीने जातं. डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये हे मांडलं तेव्हा पाण्याला ताण सोसतो यावर अनेकांचा विश्वास बसला नव्हता.

पेपरात "बाष्पोच्छ्वासाची ओढ, संसंजन, आसंजन" हे तीन शब्द याच क्रमाने हवेत. मूलीय दाबाला एक ओळ द्या.

आणि घरी करून बघा: निशिगंधाच्या दोन काड्या निळ्या शाईच्या पाण्यात ठेवा, एक पंख्याखाली, एक प्लास्टिकच्या पिशवीने झाकून. देठ पाण्यात बुडवूनच कापा, नाहीतर कापताक्षणी ताणलेला स्तंभ आत सरकतो आणि मागोमाग हवा शिरते.

खाडीकाठ:
माडाचं कौतुक पुरे, खाडीतल्या तिवराकडेही (खारफुटीचं झाड) बघा. समुद्राच्या पाण्याचा परासरणी दाब (मिठामुळे पाणी धरून ठेवायची ओढ) साधारण २५ वातावरणं. म्हणजे तिवर दोन पुरुष उंच असला तरी नुसतं गोडं पाणी आत घ्यायला त्याला याहून जास्त ओढ लावावी लागते. साठ फुटी माडाला उंचीपोटी लागतात फक्त दोनेक. १९६५ साली शोलँडर आणि सहकाऱ्यांनी हे मोजलेलं प्रसिद्ध झालं. कापलेली फांदी बंद भांड्यात ठेवायची, टोक बाहेर. आत दाब वाढवत जायचं. टोकाशी पाणी पाझरलं की झाडात तेवढा ताण होता असं समजायचं. खारफुटीत तो ३० वातावरणांच्या वर निघाला.

हायड्रोजन बंध काय चीज आहे हेही खाडीवरच कळतं. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनऐवजी गंधक घाला, तो हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांनाच उकळतो. ओहोटीला चिखलातून सडक्या अंड्यांचा वास येतो ना, तोच वायू. पाण्याचे बंध असे लेचेपेचे असते तर तेही मुंबईच्या हवेत वायूच असतं.

लेकीला रविवारी खाडीवर न्या. तिवर नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतो. पानाला जीभ लावली की खारट.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल दादरच्या फुलबाजारातून निशिगंध आणला. आई म्हणाली, देठ पाण्यात कापायचं हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत पंख्याखालच्या काडीच्या पाकळ्यांवर निळ्या रेघा उमटल्या. पिशवीतली जवळजवळ तशीच पांढरी, आतून नुसती घामेजलेली. लेकीने वहीत माडाशेजारी गच्चीवरच्या पंपाचीही आकृती काढली आहे, त्यावर फुली मारून. कमिटीला दाखवू नको म्हटलंय.

खाडीकाठ, रविवारचं नक्की. फक्त सौ. विचारतात, चाटायच्या आधी तिवर ओळखायचा कसा?

खाडीकाठ:
रास्त शंका. खाडीत एक झाड असं आहे की पान तोडलं तर पांढरा चीक येतो, त्याला हातही लावू नका, डोळ्यांना फार वाईट. तिवराला चीक नसतो. पान वरून हिरवं, खालून राखाडी, आणि बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी मुळं उभी. ओहोटीला जा, आणि चपला नकोत, गमबूट घाला.