'बघतो, कळवतो' ऐकून पुन्हा दुकानाची पायरी कशी चढायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी जुळे सोलापुरात राहते. दीड वर्ष झालं, शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा घरगुती धंदा करते. मी, सासूबाई आणि दोन मावशी. चटणी उखळात कुटलेलीच, मिक्सरची नाही. फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर, वजन, तारीख, लेबल सगळं रीतसर आहे, त्यामुळे ते सल्ले नकोत.

माझी अडचण अशी की मला नकार पचत नाही.

ओळखीत, भिशीत माल जातो. दुकानं म्हटली की पाय जड होतात. सोलापुरात शेंगाचटणी विकायला निघणं म्हणजे पंढरपुरात बुक्का विकायला निघणं, हे मलाही कळतं. पण इथं सरळ 'नको' कुणी म्हणतच नाही हो! "ठेवून जावा ताई, बघतो, कळवतो." मग फोन नाही. आठवड्यानं गेलं की पाकीट तिथंच, काउंटरखाली, तसंच्या तसं.

म्हणून मागच्या महिन्यात हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेले, दोन पिशव्या भरून. एका दुकानदारांनी पाकीट हातात घेतलं, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, तो अंगठा रद्दी पेपरला पुसला आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं. "तेल सुटलंय मॅडम. रॅक खराब होते." आता आमच्या घरात तेल सुटेपर्यंत सासूबाई मावशींना उखळापासून हलू देत नाहीत! तेल सुटलं तरच चटणी जमली म्हणायचं. हे सगळं सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. पुढची चार दुकानं न करताच स्टेशन गाठलं.

तेव्हापासून तीन आठवडे एकाही दुकानात गेलेली नाही. गाडीची किल्ली घेते आणि काहीतरी काम निघतं. आज शेंगा निवडायच्यात, आज लसूण सोलायचाय. मिस्टर म्हणतात, धंदा म्हटलं की हे आलंच. आलंच हो, पण तुम्ही लोक त्यातून पुन्हा उठता कसे? आणि 'कळवतो' म्हणजे 'नाही' हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १

ताई, आमचा टॉवेलचा कारखाना आहे, अक्कलकोट रोडला. 'कळवतो'वर वडिलांचा एक उपाय होता. समोरचा 'कळवतो' म्हणाला की लगेच विचारायचं, "मग सोमवारी येऊ का गुरुवारी?" जो वार सांगतो तो गिऱ्हाईक. जो "या कधीही" म्हणतो त्याचं नाव वहीतून खोडायचं. खोडल्यावर त्याचं वाईटही वाटत नाही, का ते माहीत नाही.

दुसरं म्हणजे, एका लॉजवाल्यानं मला तीनदा परत पाठवलं होतं. ३० बाय ६० चा, चांगला ४०० ग्रॅमचा टॉवेल दाखवत होतो. चौथ्यांदा चहा पाजून म्हणाला, "अहो, इतका जड टॉवेल पावसाळ्यात वाळत नाही, आणि चांगला दिसला की गिऱ्हाईक बॅगेत घालून नेतं. हलका दाखवा." मी तोवर रात्र रात्र सूत बदलायचा विचार करत होतो.

प्रतिसाद २

मी पलीकडच्या बाजूचा, माझं पुण्यात किराणा दुकान आहे. तेलकट पाकिटाला धूळ चिकटते, लेबल सुटतं, शेजारच्या पोह्यांच्या पाकिटावर डाग पडतो आणि ते कुणी परत घेत नाही. चटणीत तेल असू द्या, ते बाहेर यायला नको. भरताना पिशवीच्या तोंडाला तेल लागलं की सील नीट धरत नाही. जाड कागदाचा शंकू करून त्यातून भरा, तोंड कोरड्या कापडानं पुसा, वर तीन बोटं जागा सोडा आणि सील दोनदा मारा.

एक सांगू का? त्या माणसानं तुम्हाला कारण सांगितलं. आम्ही दिवसाला इतक्या जणांना परत पाठवतो, कारण सांगायला वेळ कुणाला असतो? मी तुमच्या जागी असतो तर पहिला त्याच्याकडेच गेलो असतो.

मूळ लेखिका

दोघांचेही आभार. काल रात्री १२ पाकिटं वर्तमानपत्रावर उलटी ठेवली. सकाळी पाचांखाली डाग! सासूबाई चष्मा लावून एकेक सील बघत बसल्या आणि म्हणाल्या, "कुटायला इतकी मेहनत आणि तोंड बांधायला घाई." आज शंकूनं भरलेल्या १२ पाकिटांतल्या एकाखाली डाग आला, तेही मी बोलता बोलता भरलेलं.

टॉवेलवाले दादा, वही केली. १७ दुकानांपैकी ११ खोडली. खरंच हलकं वाटलं.

गुरुवारचं हुतात्माचं तिकीट काढलंय. पोटात गोळा आहे तो आहेच. एवढंच विचारते, पुण्याच्या त्या दुकानदारांना आधी फोन करू की थेट जाऊ?

प्रतिसाद २

थेट जा, फोनवर 'बघतो' म्हणतील. फक्त गाडीतून उतरून लगेच जाऊ नका, अकराच्या सुमारास माल उतरत असतो, तेव्हा आम्ही कुणाशीच धड बोलत नाही. साडेबारानंतर जा. आणि एक पाकीट पिशवीत उलटं ठेवून न्या, त्यांच्यासमोर काढायला.