लेकराला घरी शिकवायचं आहे, परवानगी कुठून काढायची?

औशाची आई
मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. येत्या जूनपासून तिला घरीच शिकवायचं आम्ही ठरवलंय. माझं डी.एड. झालंय, वेळही आहे. दाखला मागायला गेले तर शाळेत म्हणाले, "घरी ठेवता येत नाही, केस होईल." तेव्हापासून सासरे घाबरलेत. परवानगी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून घ्यायची की लातूर बोर्डाकडून?

परभणीकर
ताई, परवानगीसाठी हेलपाटे मारू नका, ती देणारं ऑफिसच नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला, 6 ते 14 वयाच्या लेकरांसाठी. त्याच्या कलम 10 प्रमाणे लेकराला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य आहे. पण ते केलं नाही तर आईबापाला दंड किंवा शिक्षा त्या कायद्यात कुठंच लिहिलेली नाही. सासऱ्यांना हे कलम वाचून दाखवा. दंड आहे तो मान्यता न घेता शाळा चालवणाऱ्याला, एक लाखापर्यंत. म्हणून गल्लीतली चार पोरं जमवून "शाळा" अशी पाटी मात्र लावू नका.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी दारात येतील. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं शोधायला त्यांनी यायलाच पाहिजे, आपल्या भागात तर जास्तच. त्यांच्याशी भांडू नका. चहा द्या, वह्या दाखवा, लेकराला धडा वाचायला लावा. माझ्या मुलाच्या वेळी आलेल्या बाईंनी त्याच्याकडून भागाकार करून घेतला, मगच उठल्या. मला त्यांचं फार बरं वाटलं. आणि उद्या परत शाळेत घालावं वाटलं तर कलम 4 प्रमाणे वयाला साजेशा वर्गात बसवावंच लागतं.

जालना_बाबा
नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचा, विचार असेल तर थांबा. सहावीच्या त्या परीक्षेला तिसरी, चौथी, पाचवी मान्यताप्राप्त शाळेत झालेली लागते. स्कॉलरशिपचा फॉर्मही शाळेमार्फतच भरला जातो.

औशाची आई
नवोदय मनात आहेच. आणि दहावीचं काय? पुढं डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा द्यायची म्हणते.

परभणीकर
दोन वाटा आहेत. एक, आपल्या राज्य बोर्डाचा सतरा नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी द्यायचा: वय 14 पूर्ण, किमान पाचवी पास आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला. दुसरी, एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय. तिथंही वय 14 लागतं, पण आधीची इयत्ता पास असण्याची अट नाही. दहावीला मराठी माध्यमही मिळतं, आणि त्यांच्या बारावीवर नीट देता येते, फक्त फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी घेतलेलं पाहिजे.

माझं स्पष्ट मत, तिसरीतून काढू नका. पाचवी शाळेतच होऊ द्या, संध्याकाळी तुम्ही शिकवा. मग नवोदयही हातात राहतं आणि सतरा नंबरही. आत्ता काढलंत तर या दोन्ही वाटा बंद होतात. पाचवीनंतर दाखला घ्याल तेव्हा नाव, जन्मतारीख आधारशी जुळवून आणि जात तपासून तिथंच दुरुस्त करून घ्या. नंतर ती दुरुस्ती लई अवघड जाते.

औशाची आई
दादा, दोन वर्षं नाव राहू देते मग. दाखल्यातलं स्पेलिंग उद्याच बघते, तिच्या आधारवर आडनाव वेगळं आलंय.